पनीरच्या अंगावरचा पापुद्रा: खाता येणारं वेष्टन नेमकं करतं काय?

सफरचंदाच्या सालीवर सुरी खरवडायची, पांढरट भुगा निघाला की तो कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि ‘बघा, आपल्याला मेण खायला घालतात’ असं सांगायचं. हा व्हिडिओ वर्षातून दोनदा तरी आमच्या घरच्या ग्रुपवर येतो. मागच्या वेळी मावशीने तो पाठवला आणि खाली विचारलं, “हे पोटात गेलं तर काय होतं गं? आणि मुळात लावतात कशाला?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. सफरचंदाला स्वतःचंच नैसर्गिक मेण असतं. फळं धुताना त्यातलं बरंच निघून जातं, म्हणून आतलं पाणी उडू नये यासाठी वरून पातळ लेप देतात. मधमाश्यांचं मेण, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण आणि लाखेपासून केलेलं शेलॅक यांना भारतात फळांवर परवानगी आहे. तसं लेबलवर लिहावं मात्र लागतं. ही मेणं आपल्याला जवळपास पचत नाहीत, आली तशी निघून जातात. आणि सुरीने निघालेला भुगा फळाच्या स्वतःच्या मेणाचाही असू शकतो, तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

‘लावतात कशाला’ याचं उत्तर मात्र खूप लांब जातं. कारण मेणाचा लेप ही खाता येणाऱ्या वेष्टनांच्या घराण्यातली सगळ्यात जुनी आणि साधी वस्तू. आता संशोधक असे पातळ थर करतायत जे नुसते झाकत नाहीत, तर जिवाणू आणि बुरशी यांना थोपवतातही. पनीर, चीज, सॉसेज, चिरलेली फळं अशा पॅकबंद पदार्थांसाठी. इंग्रजी नावाचं शब्दशः भाषांतर ‘सूक्ष्मजीवरोधक खाद्य फिल्म’ असं होतं. मी इथे सरळ ‘पापुद्रा’ म्हणणार आहे, कारण हा शब्द त्या वस्तूला अगदी चपखल बसतो.

पापुद्रा आपल्या घरात आधीपासून आहे

आंबापोळी आठवा. रस ताटात पसरला, उन्हात वाळवला की चिवट, वाकणारी, ताटापासून सोलून काढता येणारी पोळी तयार होते. आंब्यातलं पेक्टिन, म्हणजे फळातला चिकट घटक, आणि साखर मिळून ते जाळं धरतात. साबुदाण्याच्या चिकवड्यांचंही तेच: पिठूळ पदार्थ पाण्यात शिजवायचा, प्लास्टिकवर पसरायचा, वाळवायचा. प्रयोगशाळेत पापुद्रा जवळपास याच पद्धतीने बनतो. फरक एवढाच, की तिथे जाडी मोजून ठेवतात, साधारण पाव मिलिमीटरच्या आत.

कच्चा माल तीन जातींचा असतो. एक, कर्बोदकं: स्टार्च, पेक्टिन, समुद्री शेवाळातलं अल्जिनेट किंवा कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळणारं कायटोसान. दोन, प्रथिनं: दुधाच्या निवळीतली, मक्यातली, जिलेटिनमधली. तीन, मेण आणि चरबी. सोबत थोडं ग्लिसरीन घालतात, नाहीतर वाळल्यावर थर पापडासारखा तडकतो. कणकेत मोहन घातल्यावर पोळी मऊ राहते, तसंच हे.

पापुद्रा आधी वेगळा करून पदार्थावर गुंडाळता येतो, किंवा पदार्थच द्रावणात बुडवून वा त्यावर फवारून जागच्या जागी वाळवता येतो. दुसऱ्या प्रकाराला लेप म्हणायचं. चीनमध्ये बाराव्या-तेराव्या शतकात संत्री-लिंबांना मेणाचा लेप देत असत. जपानमध्ये सोयाबीनच्या दुधावर धरलेली साय उचलून खातात, तोही खाद्य पापुद्राच. आणि लोणच्याच्या बरणीत फोडींवर बोटभर तेल उभं राहिलंच पाहिजे, हा माझ्या आजीचा हट्ट त्याच तत्त्वाचा होता. हवा आणि फोड यांच्या मध्ये काहीतरी हवं.

अन्न बाहेरून नासतं

हा मुद्दा कळला की बाकीचं आपोआप उलगडतं, म्हणून इथे जरा थांबते.

पनीर करताना दूध चांगलं तापवतात, जवळपास उकळीपर्यंत. त्या उष्णतेत बहुतेक जिवाणू मरतात. मग दूध फाडलं, चोथा दाबला, वडी थंड पाण्यात टाकली, कापली, पिशवीत भरली. या प्रत्येक पायरीवर नवे जिवाणू येतात: कापडावरून, पाण्यातून, सुरीवरून, हातावरून. ते बसतात कुठे? वडीच्या पृष्ठभागावर. आतला गाभा बराच काळ स्वच्छ असतो. म्हणूनच उघडलेल्या पाकिटातलं पनीर चौथ्या-पाचव्या दिवशी आधी बाहेरून बुळबुळीत होतं, मग पिवळसर पडतं, मग वास येतो. फ्रिजमध्येही साधं पनीर आठवडाभरच टिकतं, आणि बाहेर ठेवलं तर एखादाच दिवस.

शिजवलेल्या मांसाच्या कापांचंही हेच. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये लिस्टेरिया नावाच्या जिवाणूची जगातली आजवरची सर्वांत मोठी साथ आली. १,०६० रुग्ण, २१६ मृत्यू. त्यांत नवजात बाळं फार होती, कारण हा जिवाणू गर्भवतीकडून बाळापर्यंत पोचतो. उगम निघाला ‘पोलोनी’ या तिथल्या स्वस्त, शिजवलेल्या, थंडच खाल्ल्या जाणाऱ्या सॉसेजमध्ये. लिस्टेरियाचं विशेष म्हणजे तो फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. शिजवल्यानंतर, कापताना किंवा भरताना तो एकदा पृष्ठभागावर बसला आणि पदार्थ पुन्हा न तापवता खाल्ला गेला, तर मध्ये अडवणारं कोणीच नाही.

पापुद्र्याची खरी जागा ही आहे. जिथे शत्रू उतरतो तिथेच राखणदार बसवायचा.

राखणदार कोण कोण असतात

निसिन हे सर्वांत अनुभवी. ताक-चीज बनवणाऱ्या लॅक्टोकॉकस जिवाणूंपैकी काही जण शेजाऱ्यांना हुसकावण्यासाठी हे छोटं प्रथिन तयार करतात. १९२८ मध्ये त्याची चाहूल लागली आणि आज ते अनेक देशांत चीजमध्ये वापरतात. लेबलवर त्याचा क्रमांक २३४ असतो. ते जिवाणूच्या आवरणाला भोकं पाडतं. लिस्टेरियावर चालतं, पण ई. कोलायसारख्या ज्या जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं त्यांच्यावर एकटं फारसं चालत नाही. बुरशीवर तर अजिबात नाही.

बुरशीसाठी नॅटामायसिन, क्रमांक २३५. चीजच्या सालीवर लावतात.

कायटोसानची गंमत अशी की ते स्वतःच पापुद्रा आणि स्वतःच राखणदार. कोळंबीची टरफलं आम्ल आणि कॉस्टिक सोडा यांच्या प्रक्रियेतून नेली की ते मिळतं. सौम्य आम्लात त्यावर धन विद्युतभार येतो, जिवाणूच्या आवरणावर ऋण असतो. ते एकमेकांना चिकटतात आणि जिवाणूची भिंत गळू लागते. कोकण किनाऱ्यावर कोळंबी सोलणाऱ्या शेडमागे टरफलांचे ढीग कुजताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातली शक्यता वेगळी सांगायला नको.

आणि मग आपल्या मसाल्याच्या डब्यातले: लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, ओव्यातलं थायमॉल. कॅलिफोर्नियातल्या अल्बनी इथे अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत सफरचंदाच्या गराचे पापुद्रे करून त्यांत ऑरेगानो, गवती चहा आणि दालचिनीची तेलं घातली. माणसाला गंभीर आजारी पाडणाऱ्या ई. कोलायच्या एका जातीवर ते पापुद्रे तपासले तेव्हा ऑरेगानोचं तेल सर्वांत भारी ठरलं. त्यातला मुख्य घटक कार्व्हाक्रॉल हा थायमॉलचा सख्खा भाऊ. अणू तेच आणि तेवढेच, फक्त एका गटाची जागा वेगळी. म्हणजे आंबापोळीत ओव्याचा अर्क घालून ती फोडींवर गुंडाळावी, असा तो प्रयोग होता.

मग हे सगळं पनीरमध्येच का मिसळत नाहीत?

मिसळता येतं. पण आतल्या गाभ्यात मिसळलेला प्रत्येक कण जिथे जिवाणू फारसे नाहीत तिथे अडकून बसतो. शिवाय अन्नातली चरबी आणि प्रथिनं त्याला धरून ठेवतात. वडीच्या कडेला पुरेसा जोर राहावा म्हणून मग अख्ख्या वडीत जास्त मात्रा घालावी लागते.

पापुद्र्यात तीच वस्तू जाळीत अडकवलेली असते आणि सावकाश सुटत राहते. मडक्यातून पाणी पाझरतं तशी. एकूण मात्रा कमी, पण हवी तिथे आणि हवे तितके दिवस. नॅटामायसिनचा आंतरराष्ट्रीय नियम याच विचारावर उभा आहे: चीजच्या १०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर, म्हणजे साधारण तळहाताएवढ्या जागेवर, जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम, आणि ५ मिलिमीटर खोलीवर ते सापडता कामा नये. प्रिझर्व्हेटिव्हबद्दल धास्ती असणाऱ्यांनी खरं तर या तंत्राकडे आशेने पाहायला हवं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

‘९९ टक्के जंतू मेले’ म्हणजे किती?

या विषयावरच्या बातम्यांत हा आकडा हमखास असतो, आणि तो जेवढा मोठा वाटतो तेवढा नसतो.

समजा पनीरच्या तुकड्यावर १० लाख जिवाणू आहेत. ९९ टक्के मेले तर उरले १० हजार. आता त्यांना दुप्पट होऊ द्या: २० हजार, ४० हजार, ८० हजार, १ लाख ६० हजार, ३ लाख २० हजार, ६ लाख ४० हजार, १२ लाख ८० हजार. सातव्या दुपटीला आपण होतो त्याच्याही पुढे गेलो.

प्रश्न उरतो तो सात दुपटींना किती वेळ लागतो हा. अनुकूल उष्णतेत काही जिवाणू २० ते ३० मिनिटांत दुप्पट होतात. अर्धा तास धरला तर साडेतीन तासांत सगळी कमाई गेली. मे महिन्यात ओट्यावर राहिलेल्या पनीरवर कितीही उत्तम पापुद्रा असला तरी तो एवढाच वेळ विकत घेतो. त्याउलट ४ अंशांच्या फ्रिजमध्ये लिस्टेरियाला एकदा दुप्पट व्हायला साधारण दीड दिवस लागतो. सात दुपटी म्हणजे दहा दिवस! पापुद्रा तोच, जिवाणू मारण्याची टक्केवारी तीच. थंडीने त्याचं मोल साडेतीन तासांवरून दहा दिवसांवर नेलं. प्रत्यक्षात पापुद्रा नंतरही थोडा थोडा झिरपत राहतो, त्यामुळे हिशोब आणखी लांबतो, पण दिशा हीच.

जर्मन मांसशास्त्रज्ञ लोथर लाइस्टनर यांनी या विचाराला अडथळ्यांच्या शर्यतीची उपमा दिली. एकच उंच भिंत बांधायची नाही, लहान लहान अडथळे ओळीने ठेवायचे. प्रत्येकाला ओलांडताना जिवाणू थकतो. मीठ, आंबटपणा, कोरडेपणा, तेल: आपलं लोणचं म्हणजे चार अडथळ्यांची शर्यतच. पापुद्रा हा त्यातला एक नवा अडथळा आहे, थंडी आणि स्वच्छता यांच्या बरोबरीने उभा राहणारा.

म्हणजे प्लास्टिक जाणार?

नाही, निदान पनीरच्या बाबतीत तरी नाही. जो थर आपण खाणार, तो स्वतः धुळीपासून, हातांपासून, झुरळांपासून झाकलेला हवा. त्याच्यावर बाहेरचं वेष्टन लागणारच.

दुसरी अडचण पाण्याची. स्टार्च, अल्जिनेट, कायटोसान यांचे कोरडे पापुद्रे प्राणवायूला छान अडवतात, पण बाष्पापुढे टिकत नाहीत. पावसाळ्यात उघड्या डब्यातला पापड सादळतो तसे तेही सादळतात, आणि सादळले की प्राणवायूलाही वाट देतात. मेण पाण्याला अडवतं पण ठिसूळ असतं. म्हणून दोन्हींचं मिश्रण किंवा एकावर एक थर, असे प्रयोग चालू आहेत. दोन्हींचे गुण एका थरात आणणं, तेही स्वस्तात, हे अजून अवघड आहे.

ताज्या फळांवर आणखी एक पथ्य. तोडलेलं फळ श्वास घेत असतं. लेप फार घट्ट झाला तर आत प्राणवायू संपतो, फळ आंबू लागतं आणि फोडीला दारूसारखा वास येतो. संत्र्यांना मेण देताना म्हणूनच जाडी फार जपावी लागते. आयआयटी गुवाहाटीतल्या संशोधकांनी सूक्ष्म शेवाळाचा अर्क घालून फळभाज्यांसाठी लेप तयार केला आहे, त्यांनाही हाच तोल साधावा लागला असणार: श्वास मंदावायचा, कोंडायचा नाही.

पोटातल्या चांगल्या जिवाणूंचं काय? आणि जंतू निर्ढावले तर?

निसिन हे प्रथिन आहे. आतड्यातली पाचकद्रव्यं ते तोडतात, डाळीतलं प्रथिन तोडतात तसंच. मसाल्यांच्या तेलांची मात्रा जेवणातल्या मसाल्याच्या आसपासच ठेवावी लागते, कारण त्यापुढे चवच बिघडते. खरं तर व्यवहारात हीच त्यांची मोठी अडचण आहे. काचेच्या बशीतल्या प्रयोगात जेवढं तेल पुरतं, त्याच्या कितीतरी पट तेल चरबीयुक्त पनीरवर लागतं, आणि लवंगेचा वास येणारं पनीर पालकाच्या भाजीत कोणालाच नको असतं. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करून जाळीत बंद करण्याची धडपड त्यासाठीच आहे.

जंतू निर्ढावण्याची भीती मला अधिक रास्त वाटते. निसिनला दाद न देणारे लिस्टेरिया प्रयोगशाळेत तयार झालेले आहेत. पण निसिन आपण रोग्याला औषध म्हणून देत नाही. नॅटामायसिनचं तसं नाही. शेतात काम करताना पात किंवा काडी डोळ्याला लागते, बुबुळावर बुरशीचा संसर्ग होतो, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा जे थेंब लिहून देतात ते बहुधा नॅटामायसिनचेच. ज्या औषधावर शेतकऱ्याची नजर अवलंबून आहे, ते चीजच्या सालीवर किती आणि कुठवर वापरायचं यावर कडक मर्यादा हवीच. वर सांगितलेली ५ मिलिमीटरची अट मला म्हणून महत्त्वाची वाटते. आणि जे पदार्थ माणसाच्या उपचारात कामाचे आहेत त्यांच्याऐवजी ओव्यासारख्यांवर संशोधन वाढावं, असं ठामपणे वाटतं.

वास आला नाही म्हणजे चांगलं?

ही शंका क्वचितच कोणी विचारते, पण ती सर्वांत गंभीर आहे. अन्न खराब झाल्याचं आपल्याला वास, बुळबुळीतपणा, बुरा यांवरून कळतं. ही लक्षणं आणणारे जिवाणू बहुतेक वेळा आजारी पाडणारे नसतात. ते खबर देणारे असतात. लिस्टेरिया मात्र वास न आणता वाढू शकतो. पापुद्र्याने फक्त खबर देणाऱ्यांनाच गप्प केलं आणि लिस्टेरिया सुटला, तर पनीर पंधराव्या दिवशीही ताजं दिसेल आणि धोक्याचं असेल. त्याचप्रमाणे प्राणवायू पूर्ण अडवणाऱ्या थराखाली बॉट्युलिझमचा, म्हणजे एका जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जिवाणू वाढू शकतो, कारण त्याला प्राणवायू नकोच असतो.

म्हणून असा पापुद्रा बाजारात आणताना ‘इतके दिवस ताजं दिसलं’ एवढ्यावर भागत नाही. त्या विशिष्ट पदार्थावर, मुद्दाम रोगकारक जिवाणू सोडून, फ्रिज बिघडल्यासारख्या तापमानातही चाचणी करावी लागते. आणि आपण ग्राहकांनी पाकिटावरच्या तारखेला वासापेक्षा जास्त मान द्यायचा.

एकादशीला चालेल का?

मावशीचा पुढचा प्रश्न हाच होता, आणि तो अगदी योग्य होता. कायटोसान कोळंबीच्या कवचाचं. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं. लायसोझाइम नावाचा आणखी एक राखणदार अंड्याच्या पांढऱ्यातून काढतात. शेलॅक किड्याने तयार केलेली राळ. दुधातली प्रथिनं शाकाहारी खरी, पण ज्यांना दुधाची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी धोक्याची. कोळंबीची ॲलर्जी असलेल्याच्या पनीरवर कायटोसान असेल तर त्याला ते आधी कळलंच पाहिजे. शुद्ध केलेल्या कायटोसानमध्ये ॲलर्जी देणारं प्रथिन फार कमी उरत असलं, तरीही.

पर्याय आहेत. कोळंबीच्या कवचातलं ज्यापासून कायटोसान करतात ते कायटिन बुरशी आणि अळिंबीच्या पेशींच्या भिंतीतही असतं, त्यापासूनही कायटोसान करता येतं. अल्जिनेट, पेक्टिन, स्टार्च तर वनस्पती-शेवाळातलेच. भारतातल्या लेबलच्या नियमांनुसार दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे वर्गातले जीव, शेंगदाणे, सोयाबीन यांसारखे ॲलर्जीचे घटक ठळक सांगावे लागतात. पापुद्रा पदार्थासोबत खाल्ला जातो, म्हणजे तोही घटकच; नुसतं ‘वेष्टन’ म्हणून त्याला यादीबाहेर ठेवता येणार नाही.

मावशीला मी सांगितलं की सध्या तिच्या दुकानातल्या पनीरवर असं काही असेल तर ते मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत असायला हवं, आणि २३४, २३५ हे आकडे कसे शोधायचे तेही दाखवलं. तिने चष्मा लावून पाकीट वाचलं, मग दुकानदाराला विचारलं, “रात्री फ्रिज बंद करता का हो?” तो म्हणाला, वीजबिल परवडत नाही, म्हणून करतो कधी कधी. तिने पनीर परत ठेवलं.